पिशवीतलं औषधदुकान: युगांडातल्या एका सामाजिक फ्रँचायझीचं प्रकरण

युगांडा सरकारने मार्च २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी रद्द केली. तपासणी फुकट, औषधही फुकट. आजवर आजार अंगावर काढणारी गरीब माणसं दवाखान्याची पायरी चढू लागली, गर्दी वाढली. औषधांचा पुरवठा मात्र त्या गर्दीला पुरा पडला नाही. कपाटं वारंवार रिकामी पडू लागली, आणि तापाने फणफणलेलं पोर पाठीला बांधून चालत आलेल्या बाईच्या हाती शेवटी चिठ्ठीच पडायची. "बाहेरून घ्या" हे वाक्य आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांतही नवं नाही.

तिथलं 'बाहेर' म्हणजे रस्त्याकडेचं ड्रग शॉप. एक खोली, लाकडी फळ्या, त्यावर गोळ्यांचे डबे. काही दुकानं परवान्याची, बरीचशी बिनपरवान्याची. या दुकानदारांना सरसकट खलनायक ठरवणं मला मान्य नाही. रात्री दार वाजवलं तर उघडणारा तोच असतो, पैसे कमी असतील तर अर्धी पट्टी कापून देणारा तोच, उधारीची वही ठेवणाराही तोच. अडचण अशी की त्याला स्वतःलाच माल कुठून आला हे धड माहीत नसतं. भांडवल तुटपुंजं, त्यामुळे खरेदी थोडी-थोडी, जो घाऊक व्यापारी त्या दिवशी स्वस्त देईल त्याच्याकडून. औषधाचं प्रशिक्षण नाही, कुणी तपासायला येत नाही.

याचा परिणाम किती गंभीर आहे हे अर्थशास्त्रज्ञ मार्टिना ब्यॉर्कमन न्युक्विस्ट, याकोब स्वेन्सन आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी मोजलं. साध्या गिऱ्हाइकासारखी माणसं दुकानोदुकानी पाठवून त्यांनी मलेरियाच्या गोळ्या विकत आणल्या आणि प्रकाशकिरणांनी पदार्थ ओळखणाऱ्या रामन वर्णपटमापनाने तपासल्या. ३७ टक्के दुकानांत बनावट किंवा निकृष्ट गोळ्या सापडल्या. जिथे मलेरिया लहान मुलांच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे, तिथली ही गोष्ट.

या बाजारात २००७ साली 'लिव्हिंग गुड्स' ही संस्था उतरली. तिचा संस्थापक चक स्लॉटर हा अमेरिकी उद्योजक. प्रवासाचे कपडे घरपोच विकणारी 'ट्रॅव्हलस्मिथ' ही कंपनी त्याने उभी केली होती. लिव्हिंग गुड्स काढण्याआधी त्याचा संबंध आला होता केनियातल्या 'हेल्थस्टोअर फाउंडेशन'च्या कामाशी. ही संस्था २००० सालापासून परिचारिका आणि आरोग्य कार्यकर्त्यांना फ्रँचायझी देऊन खेड्यात छोटी औषधदुकानं उघडत होती. नाव एक, रंग एक, माल एका जागेवरून, नियम मोडला तर फ्रँचायझी रद्द. खाद्यपदार्थांच्या साखळी दुकानांत जे तंत्र चालतं तेच, फक्त हेतू नफा वाटण्याचा नाही, आरोग्यसेवा पोचवण्याचा. सामाजिक फ्रँचायझी म्हणतात ती हीच.

त्या दुकानांत औषध चांगलं होतं, पण गिऱ्हाईक पुरेसं फिरकत नव्हतं. दुकान जागच्या जागी, आजारी माणूस लांब. स्लॉटरच्या डोक्यात आलं की सौंदर्यप्रसाधनं दारोदार विकणाऱ्या 'एव्हॉन'च्या बायकांसारखं दुकानच घराकडे का जाऊ नये? युगांडात त्याला जोडीदार मिळाली बांगलादेशची 'ब्रॅक' ही स्वयंसेवी संस्था. ती तिथे २००६ पासून काम करत होती. खेडोपाडी तिचे महिलांचे बचत आणि कर्जगट होते, आणि मायदेशी गावच्या स्वास्थ्यसेविकांकडून औषधविक्री करून घेण्याचा कैक वर्षांचा अनुभव होता.

पिशवीत काय असायचं

निवड व्हायची ती गावातल्याच बाईची. वय १८ ते ४५, लिहिता-वाचता येणं आणि साधा हिशेब जमणं आवश्यक. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, नंतर दर महिन्याला एक दिवस शाखेत उजळणी आणि मालाची भरणी. गणवेश, पिशवी आणि पहिल्या मालासाठी कर्ज. तिला नाव मिळालं कम्युनिटी हेल्थ प्रमोटर. आपण तिला आरोग्यसखी म्हणू.

पिशवीत मलेरियाची संयुक्त औषधं, जलसंजीवनीची पाकिटं, झिंकच्या गोळ्या, जंतनाशक, बाळंतपणासाठी स्वच्छ साहित्याचा संच. आणि त्याच पिशवीत साबण, सॅनिटरी पॅड, पोषणमूल्यं घातलेलं लापशीचं पीठ. पुढे सौरकंदील आणि कमी लाकडात पेटणाऱ्या चुलीही आल्या. ही सरमिसळ जाणूनबुजून केलेली होती. मूल काही रोज आजारी पडत नाही. आठवड्याला फक्त औषधावर दोन पैसे सुटले तर बाई महिन्याभरात कंटाळून बसेल. साबण आणि पीठ रोज खपतं, कंदिलावर एकदम बरी रक्कम सुटते. या मालावर औषधाची पिशवी फिरत राहावी असा हिशेब.

भावाचा हिशेबही आधीच बांधलेला. संस्था एकगठ्ठा खरेदी करी, त्यामुळे सखीला माल घाऊक भावात पडे आणि गावातल्या दुकानापेक्षा कमी दरात विकूनही तिच्या हाती मार्जिन राही. गावातल्या एकट्या दुकानदाराला हे कधीच जमलं नसतं. छोट्या विक्रेत्याचा खरा शत्रू असतो छोटी खरेदी. थोडं घेतो म्हणून महाग पडतं, महाग पडतं म्हणून थोडंच घेता येतं, आणि त्या कात्रीत सापडलेला माणूस बनावट मालाच्या स्वस्त डब्याकडे वळतो. फ्रँचायझीने सर्वात आधी ही कात्री मोडली. प्रशिक्षण, गणवेश, बोधचिन्ह या गोष्टींचं कौतुक अहवालांत जास्त होतं. माझ्या मते खात्रीच्या मालाचा स्वस्त आणि नियमित पुरवठा हाच या साऱ्या रचनेचा कणा होता.

आता एक घर जवळून पाहू. दोन वर्षांचं मूल, वजन बारा किलो, काल रात्रीपासून ताप. या वजनाच्या मुलाला मलेरियाच्या संयुक्त गोळीचा डोस असतो एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी, तीन दिवस. म्हणजे सहा गोळ्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळायला लागतं, आणि उरलेल्या गोळ्या 'पुढच्या वेळेला' म्हणून जपून ठेवण्याचा मोह कुठल्याही गरीब घरात होतो. ड्रग शॉपवाला तर मागितल्या तर दोनच गोळ्याही देतो. सखीचं काम विक्रीनंतर सुरू होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत जायचं, गोळ्या मोजायच्या, मूल पाणी पितंय का बघायचं, धाप लागली असेल किंवा झटके आले असतील तर दवाखान्याची वाट दाखवायची. गरोदर बाईची नोंद करायची, बाळ जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात घरी जायचं. यातल्या काही कामांवर संस्था थोडी रोख बक्षिशी देई, पण मुख्य कमाई विक्रीवरच.

मृत्यू घटले, आणि शेजारची दुकानं सुधारली

२०११ ते २०१३ या काळात दहा जिल्ह्यांतल्या २१४ गावसमूहांत या कामाची कसोटी लागली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काही गावसमूहांत सखी नेमल्या, बाकीच्यांत नाही. तीन वर्षांनंतर सखी असलेल्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी निघाले. वाचलेल्या आयुष्याच्या प्रत्येक वर्षामागे सरासरी खर्च आला ६८ डॉलर. बालआरोग्याच्या क्षेत्रात एवढी घट अशा काटेकोर पद्धतीने मोजली जाणं दुर्मीळच. मोजलेल्या बदलांत घरभेटी, विशेषतः नवजात बाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या भेटी, ठळकपणे वाढलेल्या होत्या.

मला मात्र याहून जास्त विचारात पाडलं ते दुसऱ्या निष्कर्षाने. मघाशी सांगितलेल्या बनावट गोळ्यांच्या पाहणीत संशोधकांनी सखी असलेल्या आणि नसलेल्या गावांतली जुनी दुकानंही तपासली. ज्या गावात सखी खात्रीची गोळी कमी भावात विकत होती, तिथल्या इतर दुकानांत बनावट औषधाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. त्या दुकानदारांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. धाड पडली नव्हती, परवाना तपासला गेला नव्हता. गावात एक खरं औषध आलं आणि बाकीच्यांना आपला माल बदलावा लागला.

हे घडतं कसं? गोळीचा खरे-खोटेपणा गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही. कळतो तो अनुभवाने, तोही अडखळत. ताप उतरला नाही तर गोळी खोटी होती की आजारच वेगळा होता, हे घरच्यांना कसं कळावं? पाहणीत असंही दिसलं की मलेरिया डासांखेरीज इतर कारणांनीही होतो असा समज जिथे पक्का, तिथे बनावट औषध जास्त. कारण मलेरिया नसलेल्या तापावर मलेरियाची गोळी दिली तर खरी गोळीही 'चालली नाही' असंच वाटणार, आणि चांगल्या दुकानदाराला चांगलेपणाचं श्रेय मिळणार नाही. सखी आल्यावर तुलनेला एक पक्की फूटपट्टी मिळाली. तिच्या गोळीने शेजारणीच्या मुलाचा ताप उतरला, दुकानातल्या गोळीने आपल्याचा उतरला नाही, ही चर्चा पाणवठ्यावर होते. दुकानदाराला आपली पत सांभाळणं भाग पडतं.

अनौपचारिक विक्रेत्यांच्या प्रश्नाकडे पाहणाऱ्या प्रत्येकाने हे नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. धोरणं आखणाऱ्यांचा पहिला विचार बहुधा कारवाईचा असतो: बिनपरवाना दुकानं बंद करा. ती बंद केली की गावात रात्री औषध देणारं कुणीच उरत नाही. इथे बंद काहीच केलं नाही, तरी बाजार सुधारला.

जिथे विक्री आणि काळजी वेगळ्या वाटेने जातात

आता या प्रकरणाची अवघड बाजू. ताप म्हणजे मलेरियाच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये सांगितलं की मलेरियाचं औषध देण्याआधी प्रत्येक संशयित रुग्णाची चाचणी व्हावी. बोटातून थेंबभर रक्त घेऊन गावातही करता येईल अशी पट्टी तोवर आली होती. चाचणी नकारात्मक आली तर सखीने काय करायचं? औषध द्यायचं नाही. म्हणजे ती चालत गेली, मूल तपासलं, आईला समजावलं, आणि हाती काही न घेता परत आली. आरोग्याच्या दृष्टीने तिने सर्वात बरोबर काम केलं, धंद्याच्या दृष्टीने तिचा दिवस बुडाला. रचनाच अशी असेल तर एकेका बाईच्या प्रामाणिकपणावर किती भार टाकायचा?

अतिसारातही तसंच. जलसंजीवनी आणि झिंक ही मुलाचा जीव वाचवणारी सर्वात स्वस्त औषधं. ब्रॅकच्याच युगांडातल्या सखींबरोबर झॅकरी वॅग्नर, जॉन बॉस्को असीम्वे आणि डेव्हिड लेव्हाइन यांनी एक प्रयोग केला. काही सखींनी जलसंजीवनी घरोघर विकायची, काहींनी घरोघर फुकट वाटायची. विकणारीला पैसे सुटणार, म्हणजे ती जास्त घरं फिरेल असं कुणालाही वाटेल. घडलं उलटं. फुकट वाटणाऱ्या सखी कितीतरी जास्त घरी गेल्या. विकणाऱ्या बायका संकोचत होत्या. शेजारणीच्या आजारी पोरावर ही पैसे कमावते, असं गावाने म्हणू नये म्हणून. फुकट देणारीला उलट मान मिळत होता, लोक तिला बोलावत होते.

गावात राहून धंदा करण्यातला हा ताण ज्याने केलाय त्यालाच कळतो. आपल्याकडे बचत गटातली बाई पापड, मसाला विकताना भावकीत उधारी मागायला लाजते, तसंच. औषधाच्या बाबतीत तर ही लाज अधिक बोचते, कारण समोर रडणारं मूल असतं.

एरिका देसेरानो यांचा अभ्यास यातली आणखी एक गाठ उकलतो. ब्रॅकच्या याच कामासाठी बायका निवडताना काही गावांत भरपूर कमाई होईल असं सांगितलं गेलं, काही गावांत कमी. जिथे मोठ्या कमाईची जाहिरात झाली तिथे गावाची कळकळ असलेल्या बायका अर्ज करायलाच कमी आल्या, आणि निवडलेल्या बायका टिकल्याही कमी. कमाईचा आकडा कामाचं स्वरूपच सांगून जातो. हे सेवेचं काम आहे की धंद्याचं, एवढं बायकांनी जाहिरातीवरून ओळखलं आणि आपापला निर्णय घेतला.

यावरून बायकांना पैसे देऊ नयेत असा अर्थ कुणी काढला तर तो मला अजिबात मान्य नाही. युगांडा सरकारने २००१ पासून गावोगावी जी आरोग्य पथकं नेमली, त्यांतले कार्यकर्ते बिनपगारीच होते, आणि रिकाम्या पोटी कुणी किती फिरणार? महाराष्ट्रात आशांनी तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध वारंवार संप केले, ते रास्तच होते. मुद्दा पैसे कशाचे द्यायचे हा आहे. साबणावर, कंदिलावर, लापशीच्या पिठावर मार्जिन खुशाल असावं. आजारी मुलाला पाहायला जाण्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून येऊ नयेत, आणि काही विकलं गेलं की नाही यावर तर ते मुळीच ठरू नयेत.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने मुलांच्या न्यूमोनियाचं काम याच पायावर केलं होतं. गावातलाच माणूस मुलाचे श्वास मोजतो, धोका ओळखतो, तिथेच औषध देतो. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले आणि गावपातळीवर न्यूमोनियावर उपचार करता येतात हे जगाला पटायला त्यांची मोठी मदत झाली. लिव्हिंग गुड्सच्या सखीही पुढे श्वास मोजू लागल्या: दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे मिनिटाला पन्नास, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस, ही धोक्याची रेघ. श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं, मूल शांत व्हायची वाट पाहावी लागते, आणि त्या मिनिटाचं बिल करता येत नाही.

संस्थेने दिशा बदलली

विक्रीतून संस्थेचा खर्च बऱ्याच अंशी निघेल ही सुरुवातीची आशा. प्रत्यक्षात देणगीदारांचा आधार कधीच सुटला नाही. २०१८ मध्ये 'ऑडेशस' या मोठ्या देणगी-उपक्रमात लिव्हिंग गुड्स आणि लायबेरियात काम करणारी 'लास्ट माइल हेल्थ' यांची मिळून निवड झाली, तेव्हा भर होता तो डिजिटल साधनं हाती असलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांवर आणि सरकारांबरोबरच्या कामावर. सखीच्या हातात मोबाइल आला, लक्षणं टाकली की पुढचं पाऊल सांगणारं ॲप आलं. औषधं हळूहळू सरकारी पुरवठ्यातून फुकट येऊ लागली आणि तिची कमाई विक्रीवरून कामाच्या मोबदल्याकडे सरकली. शेजारच्या केनियात सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी सुमारे एक लाख कम्युनिटी हेल्थ प्रमोटर उभे केले. त्यांना महिना ५,००० शिलिंग मानधन ठरलं, अर्धं केंद्राकडून, अर्धं काउंटीच्या म्हणजे स्थानिक सरकारकडून.

काहींनी याला फ्रँचायझीचं अपयश म्हटलं. मला तसं वाटत नाही. सरकारला जमत नव्हतं त्या वर्षांत या रचनेने गावात खरं औषध नेलं आणि मुलं वाचवली. घरभेट ही सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवी हे तिच्याच कामातून सिद्ध झालं. पण या बदलात एक गोष्ट निसटली, तिचं मला वाईट वाटतं: बाजारावरचा दबाव. सखी औषध फुकट देऊ लागली, आणि सरकारी साठा संपला की तिची पिशवीही रिकामी. तेव्हा आई परत त्याच रस्त्याकडेच्या दुकानात जाणार. २००१ नंतर झालं तेच.

त्या दुकानदाराचं काय, हा प्रश्न युगांडाच्या या प्रयोगाने कधी थेट हाती घेतला नाही. त्याला स्पर्धक दिला, आत मात्र घेतलं नाही. टांझानियाने दुसरी वाट धरली. २००३ साली दक्षिणेकडच्या रुवुमा भागात तिथल्या अन्न व औषध प्राधिकरणाने जुन्या 'दुका ला दावा बारिदी', म्हणजे साध्या औषधांच्या दुकानांनाच प्रशिक्षण दिलं. जागा दुरुस्त करून घेतली, विक्रेत्यांना काही आठवड्यांचा अभ्यासक्रम लावला, आणि त्या बदल्यात कायद्याने काही निवडक प्रतिजैविकं आणि इतर आवश्यक औषधं विकायची मुभा दिली. आधी ती औषधं ते लपूनछपून विकतच होते. आता उघड विकायची, नोंद ठेवायची, निरीक्षकाला दाखवायची. रुवुमातल्या दुकानांत नोंदणी नसलेल्या औषधांचं प्रमाण २००१ मधल्या २६ टक्क्यांवरून २००४ मध्ये २ टक्क्यांवर आलं. पुढे ही पद्धत मुख्य भूमीवरच्या सगळ्या भागांत पसरली आणि युगांडानेही किबाले जिल्ह्यात तिची चाचणी घेतली.

टांझानियाच्या पद्धतीतही फट आहे. दुकानदाराला मान्यता मिळाली तरी खरेदी त्याची त्यालाच करायची, थोडी-थोडी, घाऊक व्यापाऱ्याच्या मर्जीने. एकगठ्ठा खरेदीचा भाव, जो लिव्हिंग गुड्सच्या सखीला आयता मिळत होता, तो त्याला मिळत नाही. मला विचाराल तर पुढचं काम इथेच आहे: मान्यता टांझानियासारखी, खरेदी युगांडाच्या फ्रँचायझीसारखी सामाईक, आणि आजारी मुलाच्या घरी जाण्याचा मोबदला सरकारी तिजोरीतून. तिन्हींचे खर्च वेगळे, तिन्हींचे मालक वेगळे, आणि तिन्ही एकाच बाईच्या पिशवीत कोंबले की काय होतं ते युगांडातल्या सखींनी दाखवून दिलं आहे.